बाणाचं टोक

आमच्या गल्लीत उन्हाळा आधी खोकल्यातून कळतो. मार्च सरत आलेला असतो, पंखा अजून हळूच फिरत असतो आणि एखाद्या सकाळी समोरच्या चाळीत कुणीतरी शिंकतं. मग आमच्या मजल्यावर कुणीतरी खोकतं, मग खालच्या दुकानातले काका, मग मी. आई आतूनच म्हणते, "भाजायला घेतल्या वाटतं." मिरची भाजल्याचा वास हा खरं म्हणजे वास नसतोच. तो आधी घशात येतो, मग डोळ्यांत, आणि नाकाला त्याचा पत्ता सगळ्यात शेवटी लागतो. तिथून पुढे पाऊस येईपर्यंत लालबागला दुसरा वास नाही. गिरगावच्या, दादरच्या, कुठकुठल्या बायका पिशव्या घेऊन येतात, बेडगी वेगळी, संकेश्वरी वेगळी, धणे वेगळे, आणि डंखावर आपला नंबर लागेपर्यंत फुटपाथवर बसून राहतात. डंख म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. त्याची लोखंडी मुसळं एकामागून एक उचलली जातात आणि पडतात. ती चालू असली की आमच्या जिन्याचा कठडा हाताला थरथरल्यासारखा लागतो.

लहानपणी मला हा ऋतू आवडायचा. परीक्षा संपलेली असायची आणि घरात सगळ्यांचेच डोळे लाल असल्यामुळे कुणी खरंच रडत असेल तर ते कळायचं नाही. आता तो येऊ नये असं वाटतं. यंदा तो लवकर आला. मी ऑफिसला निघाले होते, जिन्यात पहिला ठसका लागला आणि तिथेच कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिले.

मी सॉफ्टवेअरची चित्रं काढते. नातेवाइकांना हे सांगितलं की ते विचारतात, म्हणजे गेमची का? तशी नाहीत. एखाद्या मोठ्या कंपनीत वर्षानुवर्षं एकेक करत पुष्कळ सिस्टिम जमा झालेल्या असतात. पगाराची एक, मालाची एक, गिऱ्हाइकांची एक. त्या आपसांत बोलत असतात, पण कोण कुणाशी बोलतं हे सगळं मिळून कुणालाच ठाऊक नसतं. ते एका कागदावर दिसावं म्हणून चौकटी काढायच्या, चौकटींच्या मध्ये रेघा, रेघांना बाण. माहिती साठवायची जागा असेल तिथे उभा गोल डबा. इंटरनेट असेल तिथे ढग. वापरणारा माणूस असेल तिथे काड्यांचा माणूस.

बाबा रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ह्या बरण्या कसल्या गो?"

डेटाबेस आहेत, असं मी सांगितलं.

"मग झाकणाला फडकं बांध. मुंग्या येतील." आणि जरा वेळाने, "हा माणूस बाहेर का उभा केलास?"

तो युजर, तो सिस्टिमच्या बाहेरच असतो, मी म्हटलं. बाबांना ते पटलं नाही. ज्याच्यासाठी एवढं सगळं बांधलं त्याला उन्हात उभं करायचं हे त्यांना बरोबर वाटेना. पुढे कितीतरी दिवस ते चहा देताना विचारायचे, "घेतलास का त्याला आत?"

मला बोलायला जमत नाही. शाळा इंग्रजी, घरात आई-बाबांचं मराठी, बाबा आत्याशी फोनवर मालवणी बोलायचे ती तिसरीच. तिन्हींत मला सगळं कळतं आणि तिन्हींत वाक्य तोंडापर्यंत येईस्तोवर समोरचा पुढे निघून गेलेला असतो. चौकटी सापडल्या तेव्हा मला फार मोकळं वाटलं होतं. तिथे बोलावं लागत नाही. रेघ काढली की सांगून झालं, आणि ती रेघ जगातल्या कुठल्याही माणसाला कळते, असं मी समजून चालले होते.

कॉलेजात आम्हाला या खुणा अगदी कडक शिकवल्या होत्या. त्यातली एक मला तेव्हापासून आवडते. एखादी गोष्ट दुसरीचा भाग आहे हे दाखवायला रेघेच्या टोकाला छोटा चौकोनी हिरा काढतात. हिरा पोकळ असेल तर अख्खी वस्तू गेली तरी भाग मागे राहतो. भरीव असेल तर अख्खी वस्तू गेली की भागही गेला. मी तेव्हा वहीच्या कोपऱ्यात गंमत म्हणून आमचं घर काढायचे. चाळ आणि खोली, भरीव. खोली आणि आई, पोकळ, कारण आई कुठेही तग धरेल. बाबा आणि गॅलरीतली त्यांची खुर्ची, इथे मी थांबायचे. संध्याकाळी ते त्या खुर्चीत बसून खालच्या गल्लीतल्या प्रत्येकाला हाक मारायचे. कुठला हिरा काढायचा ते मला ठरवता यायचं नाही. ऑफिसात आल्यावर कळलं की त्या खुणा प्रत्यक्षात कुणी वापरतच नाही. जो तो आपापल्या चौकटी काढतो, आपापले बाण काढतो, आणि आपलं ते सगळ्यांनाच कळतंय असं धरून चालतो.

ऑफिस करी रोडच्या पुलापलीकडे, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये आहे. चालत जाते. पुलावरही मिरचीचा वास असतो, टॉवरच्या फाटकाशीही असतो, काचेचं दार मिटलं की एकदम तुटतो. आत साबणाचा वास. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी रोज त्या दारातून आत गेले की मला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून मग दिवसभर वाईट वाटायचं.

कारण त्या वर्षी होळीच्या आसपास बाबांचे शब्द गेले. सकाळी दाढी करताना ते खाली बसले आणि उठताना उजवी बाजू उठली नाही. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मेंदूत शब्द जिथे राहतात तिथपर्यंत रक्त पोचलं नाही. ऐकलेलं बरंचसं कळेल. बोलता येणार नाही, लिहायला गेले तरी अक्षरं सापडणार नाहीत. मान हलवतील, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका, हो आणि नाही यांची कधी कधी अदलाबदल होते. सगळे शब्द गेले तरी एखादा राहतो म्हणे. बाबांचा राहिला तो 'बरं'. पाणी हवं का, बरं. दुखतंय का, बरं. सुई टोचली तेव्हा डोळ्यांत पाणी आणि तोंडाने, बरं. समोरून हाक आली तर खुर्चीतून मान वळवून, बरं. ऐकणाऱ्याला वाटायचं, किती समजूतदार माणूस.

हॉस्पिटलातल्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. पेला, पलंग, गोळ्या, हसरा चेहरा, रडका चेहरा. जे हवं त्यावर त्यांनी बोट ठेवायचं. बाबांनी ती कार्डं एकदा पाहिली, नीट चळत केली, कडा जुळवल्या आणि आईच्या हातात परत दिली. फोर्टात एका शिपिंग एजंटच्या कचेरीत त्यांनी जन्मभर आवक-जावक सांभाळली होती. आलेला कागद कुणाकडे जायचा आणि गेलेला कुठून आला होता, हे त्यांना विचारल्याशिवाय तिथे पान हलत नसे. रडका चेहरा दाखवायला सांगितलेलं त्यांना लागलं असावं. असावं असंच म्हणते. तेव्हापासून त्यांच्याबद्दल प्रत्येक वाक्याला मला हे शेपूट जोडावं लागतं.

आमची चाळ तीन मजल्यांची, आम्ही वरच्या मजल्यावर. जिना लाकडी, अरुंद. संडास गॅलरीच्या टोकाला. आईचे गुडघे आधीच गेलेले. बाबांना धरून नेताना दोघंही भिंतीला टेकत टेकत जायचे आणि शेजारचे आपापल्या दारात उभे राहून वाट मोकळी करायचे. लालबागमध्ये माणसं मदतीला कमी पडत नाहीत. पण कितीदा बोलावणार, आणि बाबांना ते किती चालणार.

पुण्याला असणारा माझा भाऊ, दादा, दर शनिवारी यायचा. त्याचं म्हणणं होतं की बाबांना गावी न्यावं. देवगडच्या अलीकडे आमचं घर आहे, तळमजला, पुढे अंगण, आणि तिथे एकटी राहणारी आत्या. बाबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. दुसरा मार्ग असा होता की आत्यालाच इकडे आणायचं. खोली लहान होती, पण झालं असतं. आई म्हणाली, तिची गुरं, तिची माडाची झाडं, ती सोडून कशी येईल. दादा म्हणाला, बाबांना तरी हा जिना कसा झेपेल. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे तेच तेच बोलणं प्रत्येक शनिवारी नव्याने सुरू व्हायचं आणि बाबा खुर्चीत बसून सगळं ऐकत असायचे.

ऑफिसात तो महिना चौकटींचे नकाशे दुरुस्त करण्यात जात होता. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या सगळ्या सिस्टिम, निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या काळात काढलेल्या. एकाचे बाण इकडे, दुसऱ्याचे तिकडे. आमच्या टीमचा प्रमुख केदार याने एक नियम करून दिला. जो मागतो त्याच्याकडून बाण निघायचा, ज्याच्याकडे मागतो तिथे टोक. बस्स. पगाराची सिस्टिम माणसांची नावं मागत असेल तर बाण पगाराकडून निघणार आणि नावांच्या बरणीला जाऊन लागणार. लोकांनी बहुतेक उलटं काढलेलं असायचं. नावं बरणीकडून पगाराकडे येतात म्हणून त्यांचं टोक पगाराकडे. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाण फिरवत होते. डोळे मिटले तरी फिरवत होते. केदार म्हणाला, तुझ्याइतकी सफाई कुणाची नाही. असं कुणी आजवर मला म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी मसाल्याला मी गेले. दरवर्षी बाबा जायचे. भाजायचं काम आईचं, डंखावर बसायचं बाबांचं. आपला मसाला दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून तिथे नजर ठेवून बसावं लागतं, आणि बाबा नाकाला रुमाल बांधून पाटावर असे बसायचे जसे काही साहेब तपासणीला आले आहेत. बायका त्यांना हसायच्या. एकजण म्हणायची, "काका, मुसळ मोजताय काय?" त्या वर्षी तिनेच मला विचारलं की काका कुठे. मी म्हटलं, बरे आहेत. मुसळं पडत होती, लाल धूळ उडत होती, माझे डोळे वाहत होते, आणि ते कुणालाही वावगं वाटत नव्हतं.

घरी आल्यावर आईने नेहमीसारखा आत्याचा मसाला वेगळा काढला. दरवर्षी एक डबा गावी जातो. त्यावर जुन्या कापडाचं वेष्टण, वेष्टणावर बाबांची लाल-निळी पेन्सिल. डावीकडे लालबाग, उजवीकडे गावाचं नाव, मध्ये लांब बाण, टोक गावाकडे. जिकडे वस्तू जाते तिकडे टोक. मी लहानपणापासून तो बाण पाहत आले होते. त्या संध्याकाळी आईने पेन्सिल माझ्या हातात दिली, आणि मीच तो बाण काढला, टोक गावाकडे, आणि मला त्यात काहीच खुपलं नाही. घरातला बाण आणि ऑफिसातला बाण माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते. मधलं दार बंद होतं.

पुढच्या शनिवारी दादा म्हणाला, "बाबांनाच विचारू या. तू विचार. तुझं रोजचं काम आहे ना हे?"

मी ऑफिसातून आणलेल्या एका कागदाच्या पाठीवर दोन चौकटी काढल्या. एकीत आमची चाळ, जिना, आणि काड्यांचे बाबा, खुर्चीत बसलेले. यावेळी माणसाला चौकटीच्या आत काढलं. दुसरीत माड, विहीर आणि काड्यांची आत्या, अंबाड्यासकट. बाबा ती आत्या बघून हसले. खरंच हसले, ओठ एका बाजूला ओढला गेला तरी. मी हळू हळू सांगितलं की बाबा, तुम्ही आणि आत्या एका ठिकाणी राहायचं आहे. कसं ते तुम्ही दाखवा. आणि पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली.

त्यांना वेळ लागला. रेघ थरथरत होती, मध्ये एकदा तुटली, तिथून त्यांनी पुन्हा धरली. आत्यापासून निघाली आणि खुर्चीतल्या माणसापर्यंत आली. मग त्यांनी टोक काढलं. एक तिरकी रेघ, दुसरी तिरकी रेघ. टोक खुर्चीकडे. काढून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि त्या टोकावर बोटाने दोनदा टकटक केलं.

मला तो कागद आजही जसाच्या तसा दिसतो. मी त्याच्याकडे पाहिलं आणि महिनाभर जे करत होते तेच केलं. बाण कुठून निघाला, आत्याकडून. म्हणजे मागणारी आत्या. टोक कुठे, बाबांकडे. म्हणजे आत्या बाबांना मागतेय, बोलावतेय. मी दादाला म्हटलं, "आत्या बोलावतेय म्हणतात. जायला तयार आहेत."

दादाने सुटकेचा श्वास टाकला. आई कागदावर वाकून बघत होती. ती म्हणाली, "पण हा बाण इकडे आलाय ना गं?"

मी तिला समजावलं. न अडखळता, पूर्ण वाक्यात. "आई, टोक जिथे असतं तिथे मागणी जाते. उलटं वाटतं आधी, पण तसंच वाचायचं असतं." आई माझ्याकडे बघत राहिली. मी घरात एवढ्या खात्रीने काही बोलले असेन असं तिला आठवत नसावं. "तुला कळतं त्यातलं," ती म्हणाली आणि उठली.

मी बाबांना विचारलं, जायचं ना गावी?

"बरं," बाबा म्हणाले.

मे महिन्यात दादाने गाडी केली. जिन्यावरून बाबांना खुर्चीसकट खाली उतरवलं, गल्लीतली माणसं धरायला आली, आई सोबत गेली. गल्लीत त्या दिवशी इतका ठसका होता की निरोप द्यायला आलेल्यांत कोण रडतंय ते कळलं नाही. बाबा गाडीत बसल्यावर वर आमच्या गॅलरीकडे बघत होते. मला वाटलं, डोळ्यांत मिरची गेली.

आत्याने त्यांचं काही कमी केलं नाही. हे लिहायलाच हवं. न्हाऊ घालण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळं तिने केलं, आणि आईला बसवून ठेवलं. मी सुट्टी काढून गेले की बाबा अंगणात बसलेले दिसायचे. आत्या तिच्याकडची खुर्ची माडांकडे तोंड करून ठेवायची, सावलीला. थोड्या वेळाने बघावं तर पाय घासत घासत त्यांनी ती रस्त्याकडे फिरवलेली असायची. रस्त्यावर तिथे कुणी नसतं. हाक मारावी असं कुणी नसतं.

एकदा मी परत निघाले, माझी बॅग पडवीत ठेवली होती. बाबा भिंतीला धरून आले, वाकले, आणि आपल्या चपला माझ्या बॅगेशेजारी ठेवल्या. सारख्या केल्या, कडा जुळवल्या. आत्या हसली. "चेडवाच्या वांगडा फिराक जावचा हा तेका," म्हणाली. मुलीबरोबर फिरायला जायचंय. मीही हसले. त्यांना बांधापर्यंत फिरवून आणलं, आणि मग माझी एसटी आली.

ते भाद्रपदात गेले. इथल्या गणपतीच्या गर्दीतून वाट काढत मला निघता निघेना. पोचले तेव्हा अंगणातली खुर्ची रस्त्याकडेच तोंड करून होती.

त्यानंतरच्या थंडीत ऑफिसात त्याच गिऱ्हाइकाची बैठक होती. काचेची खोली, पडद्यावर मी दुरुस्त केलेला नकाशा. त्यांच्या बाजूच्या एका बाईंनी विचारलं की हा बाण नक्की काय दाखवतो? माझ्याकडे माहिती येते म्हणून टोक माझ्याकडे हवं ना, इथे तर उलटं आहे. मी तोंड उघडेपर्यंत केदार बोलला होता. अगदी सहज. "मॅडम, रेघ तीच आहे. कोण मागतो ते दाखवलं तर टोक इकडे. काय येतं ते दाखवलं तर टोक तिकडे. दोन्ही बरोबर. तुम्ही वाण्याला फोन करता तो घरून दुकानाकडे जातो, पिशवी दुकानातून घरी येते. आम्ही फोन दाखवलाय, तुम्ही पिशवी बघताय." सगळे हसले. मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "खाली एक ओळ टाक, बाण म्हणजे काय. नाहीतर लोक उलटं वाचतील."

पडदा माझ्यासमोर होता आणि मला त्यावर माड दिसत होता, विहीर दिसत होती, अंबाडा दिसत होता. आत्यापासून निघून खुर्चीकडे आलेली तुटकी रेघ. ज्या माणसाने जन्मभर कागद जिकडे जातो तिकडे टोक काढलं, त्याने याही वेळी तेच काढलं होतं. आत्या इकडे. तिला इकडे आणा. मी इथेच आहे. टोकावर दोनदा टकटक करून सांगितलं होतं, आईनेही ते सरळ वाचलं होतं, आणि मी तिला वाचायला शिकवलं होतं.

मी खाली ओळ टाकली. तेव्हापासून प्रत्येक नकाशाखाली टाकते, एक नाही, चार चार. सलग रेघ म्हणजे काय, तुटक म्हणजे काय, टोक कुठल्या बाजूला आणि का. केदार म्हणतो, चित्रापेक्षा तुझ्या तळटिपा मोठ्या. मला माहीत आहे की त्याने काही होत नाही. नकाशाखाली ओळ लिहिता येते, माणसाखाली लिहिता येत नाही. आपण समोरच्याकडे बघतो आणि आपल्याच नियमाने त्याला वाचून टाकतो, आणि तो बिचारा बरं म्हणतो. ज्याच्याकडे सगळे शब्द शाबूत आहेत तोसुद्धा शेवटी काय वेगळं म्हणतो? काढलेली रेघ जगातल्या कुठल्याही माणसाला कळते असं मी कधीकाळी समजत होते, ते आठवलं की आता नुसतं थकायला होतं.

आईला मी हे सांगितलेलं नाही. तिला ते माहीत आहे का, हे मी तिला विचारलेलंही नाही. आम्ही दोघी एका खोलीत राहतो आणि बाबांबद्दल बोलतो तेव्हा ते इथे होते तेवढंच बोलतो.

यंदा आत्या आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन परळला करायचं ठरलं, दादाने तिला आणून सोडलं. कितीतरी वर्षांनी ती मुंबईत आली, जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबली, वर पोचल्यावर दम खात म्हणाली, "ह्या जिन्यावरसून तेका तुमी खाली नेल्यात?" आणि गॅलरीत बाबांच्या खुर्चीत बसली. दुसरी खुर्ची नाही आमच्याकडे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारीही ती तिथेच होती, एका डोळ्यावर हिरवं फडकं, दुसऱ्या डोळ्याने खालची गल्ली बघत. आत आई धणे भाजत होती. खाली डंख चालू होते. आत्याला ठसका लागला, मी पाणी दिलं. मी तिच्या पायाशी उंबऱ्यावर बसले. बाबांना हवं होतं ते सगळं त्या दुपारी जागच्या जागी होतं. आत्या होती, खुर्ची होती, गल्ली होती. मसाल्याचे दिवससुद्धा तेच होते.

आत्याने पेला खाली ठेवला. मग गल्लीकडे बघतच म्हणाली, "मी तेव्हा हय येवक पिशयी भरून ठेवलेली गो. गुरां शेजारणीक सांगललंय. इतक्यात दादाचो फोन इलो, बाबा थयच येतंत म्हणून. मगे बरां वाटला माका. म्हटलंय, तेका आपला घर आठावला. माज्याकडे येवचा वाटला तेका." तिने पदराने बरा डोळा पुसला. "नायतर माका बोलावल्यान असता, तर मी इलंय असतंय."

आतलं उलथणं थांबलं. धणे करपतील, असं माझ्या मनात आलं.

आत्याने मान वळवली. एका डोळ्याने माझ्याकडे नीट बघायला तिला सगळा चेहरा फिरवावा लागला. "तेणां स्वताच सांगल्यान ना गो? येतंय म्हणान?"

वाक्य माझ्यापाशी तयार होतं. गेल्या थंडीपासून तयार आहे, तिन्ही भाषांत, पूर्ण. तिच्याकडे भावाचं शेवटचं एवढंच आहे, की तो आपणहून आला. बाबांपाशी एकच शब्द उरला होता. माझ्यापाशी त्या दुपारी दोन होते, हो आणि नाही.

"हो," मी म्हटलं.

आत्याने समाधानाने मान हलवली आणि पुन्हा गल्लीकडे तोंड केलं. आत उलथणं फिरू लागलं.